दोरी, नाडी, झिणझिणी

“फ्रॉक कापा लागन,” तुळसाबाई म्हणाली, आणि इतका वेळ मुकाट्याने हुंदके गिळत बसलेल्या मंजुषाने घर डोक्यावर घेतलं.

“नको! बाबा, मत काटने दो ना! नवा हाय!”

नवा होताच. मंडईसाठी म्हणून आठ दिवसांपूर्वी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बाजारातून आणलेला, बाह्यांना झालर असलेला पिवळा फ्रॉक. दिवाळी सरली की हट्ट्याच्या आसपासच्या गावांतून एकेक दिवस मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. लेकी-जावई येतात, स्पीकर लागतात, नाटक होतं, आणि पोरांना वर्षाचे नवे कपडे मिळायचे ते तेव्हाच. नऊ वर्षांची मंजुषा सकाळपासून तो फ्रॉक घालून गावभर मिरवली आणि दुपारी तीनच्या सुमारास उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून मैत्रिणींना हाका मारता मारता खाली आली. पडताना उजवा हात पुढे टेकला होता. आता त्या हाताचं कोपर भोपळ्याएवढं झालं होतं आणि हात खांद्यापासून कोणी दुसऱ्याचाच आणून लावल्यासारखा दिसत होता.

“फ्रॉक सिवता येते, माय,” तुळसाबाई म्हणाली. “आननं दीपिका, कातर दे.”

दीपिकाने, म्हणजे मंजुषाच्या आईने, लेकीचं डोकं छातीशी दाबून धरलं आणि तोंड फिरवलं. बाप हेमराज तुळसाबाईच्या ओट्याखाली उभा होता. त्याच्या घरी दोन जावई आणि चार पाहुणे जेवायचे थांबले होते. त्याने एकदा मोबाईलमध्ये वेळ पाहिली, मग स्वतःचीच लाज वाटून मोबाईल खिशात टाकला.

“बालाघाटले न्यावं का, बाई?” त्याने विचारलं. “पर आज मंडई. फोन लावला तं डॉक्टर साहेब उद्या सकाळी भेटतीन म्हनते.”

या प्रश्नाला ‘हौ, ने’ एवढंच उत्तर द्यायचं होतं. तुळसाबाईला नंतर कितीदा तरी वाटलं की तोंड उघडलंही होतं. पण पन्नास वर्षांत दारात आलेला हात तिने परत पाठवला नव्हता, आणि हेमराज विचारत होता ते परवानगी मागितल्यासारखं नव्हतं. तिने ‘मी हाय ना’ म्हणावं म्हणून विचारत होता.

“मी हाय ना,” ती म्हणाली.

हेमराजच्या घरची माणसं तुळसाबाईच्या घरी पाणी पीत नसत. तसं कोणी बोलून दाखवायचं नाही. ग्लास पुढे आला की ‘आत्ताच पिऊन आलो’ म्हणायचे आणि तहानलेलेच परत जायचे. हात मोडला, पाय मुरगळला, खांदा निखळला की मात्र सारं गाव तिच्याच ओट्यावर. एरवी ‘बौद्धपुऱ्यातली तुळसा’ म्हणणारे तिथे आले की ‘तुळसाबाई’ म्हणायचे. तिला याची गंमत वाटे, रागही येई, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटे. माणसं आपल्याकडे वाकून येतात ती आपल्या दहा बोटांपायी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ही बोटं तिला सासऱ्याने दिली. टिकाराम म्हातारा हाडं बसवण्यात जुना. त्याच्या मुलाची, म्हणजे तुळसाबाईच्या नवऱ्याची, बोटं नांगराची. नाजूक काही त्यांना कळायचं नाही. म्हाताऱ्याने वर्षभर वाट पाहिली आणि मग सुनेला समोर बसवलं. इतर गावांत हाडं बसवणारे मंत्र पुटपुटायचे, राख लावायचे. टिकारामला त्याचा मनस्वी तिटकारा. “आपल्यात मंतर नाई, तंतर नाई,” तो म्हणे. “निसते बोटं. बोट खोटं बोलत नाई.” पहिला धडा कोपराचा. कोपर अर्धं वाकवायचं आणि पुढच्या खळगीत बोटं ठेवायची. मधोमध लागते ती दोरी, हात वाकवणाऱ्या मांसाची ताठ दोरी. तिच्या आतल्या अंगाला, छातीच्या बाजूला, धडधडते ती नाडी. आणि नाडीच्याही आत एक असं आहे की दाबलं तर अंगठ्यापर्यंत मुंग्या जातात, ती झिणझिणी. “दोरी, नाडी, झिणझिणी,” म्हातारा पाढ्यासारखं म्हणवून घेई. “हाड गेलं तं हाड भेटते. ह्या तिघीतली एक गेली तं हात जाते.” घरातल्या साऱ्यांची कोपरं तिने त्या उन्हाळ्यात डोळे मिटून चाचपली. नणंदा हसून हसून लोळायच्या.

त्याचा शेवटचा नियम सगळ्यांत कडक. बांधून झालं की मनगट धरायचं, शंभर ठोके मोजायचे, आणि नाडी सापडल्याशिवाय माणूस ओट्यावरून उठवायचा नाही.

हे सगळं ती आजही म्हणून दाखवू शकत होती. फक्त बोटं ऐकत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा बिडीचा दोरा सुटायला लागला. चाळीस वर्षं बिड्या वळलेल्या बाईच्या चिमटीतून दोरा सुटतो म्हणजे काय? मग तांदूळ निवडताना खडा हाताला लागेना, दाताखाली यायला लागला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, नेमकी कामाची तीन, जाड कापड गुंडाळल्यासारखी झाली. सून आम्रपाली गावात आशा कार्यकर्ती. तिने तपासणीला नेलं, शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरने बोटांचं विचारलं तेव्हा तुळसाबाईने ‘बरे हायेत’ सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. हाडं बसवणारीची बोटं बधिर झाली हे एकदा कळलं असतं तर उद्यापासून ओट्यावर कोण चढणार होतं? आणि ओट्यावर कोणी चढलं नाही तर तुळसाबाई कोण? बौद्धपुऱ्यातली एक म्हातारी, बस.

म्हणून तिने डोळ्यांना कामाला लावलं. बांधून झालं की नख दाबायचं. पांढरं पडतं, सोडलं की लाल होतं. लाल झालं म्हणजे रक्त फिरतंय. मग नुसतं देखाव्याला मनगट धरून शंभर मोजायचे. दोन वर्षं या युक्तीवर निभावली होती. कुणाला शंका आली नाही. तिला स्वतःलाही हळूहळू वाटायला लागलं होतं की बोटांपेक्षा हेच बरं.

त्या दिवशी तिने बाही कापली, कापूस पसरला, हात हलकेच ओढत धरला. कोपर जास्त वाकवलं नाही. सूज असताना वाकवू नये हे तिला माहीत होतं. हाड थोडं सरकलं, तेवढं कळलं, कारण ते बोटांना नव्हे, ओढणाऱ्याच्या दंडाला कळतं. खळगीत बोटं ठेवली. दोरीसुद्धा लागेना. सगळी सूजच सूज. दीपिकाने घरून धुऊन आणलेल्या जुन्या लुगड्याच्या तिने पट्ट्या फाडल्या, बांबूच्या कामट्या लावल्या, आणि गुंडाळत गेली. पट्टी किती आवळली जातेय हे पूर्वी बोटं सांगायची. आता अंदाज. मंजुषा किंचाळत होती, नंतर कण्हायला लागली, नंतर तेही थांबलं. पोरगी शांत झाली म्हणून हेमराजने सुटकेचा निःश्वास टाकला. तुळसाबाईला मात्र ती शांतता आवडली नाही.

मग तिने नख दाबायला पोरीचा हात उजेडात धरला.

पाचही नखं लालभडक रंगवलेली होती. मंडईसाठी. नेलपॉलिशचे दोन दोन थर, वर चमकी.

तिने अंगठ्याचं नख दाबलं. लालच. सोडलं. लालच.

“काय झालं?” दीपिकाने विचारलं.

“काही नाई. रंग कोनं लावला एवढा?”

“आत्यानं,” मंजुषा क्षीणपणे म्हणाली.

रंग खरवडता आला असता. चाकू आतच होता. पण खरवडताना हेमराजने विचारलं असतं, काहून? आणि मग काय सांगायचं? की नाडी बघायला मला नख लागतं? ओट्याखाली आणखी तीन-चार माणसं जमली होती. टिकारामला पाहिलेला म्हातारा बाबूलाल त्यांत होता. तुळसाबाईने मनगट धरलं. डोळे मिटले. बोटांखाली काहीच नव्हतं, पण बोटांखाली दोन वर्षांत काहीच नसायचं. हात गार वाटला का? तिच्या हाताला सगळंच सारखं वाटायचं. तिने ओठ हलवत शंभर मोजले. इतक्या शांतपणे की बघणाऱ्याला वाटावं, एकेक ठोका चाखतेय.

“हाय ना नाडी, बाई?” हेमराजने विचारलं.

“हाय,” ती म्हणाली.

एकच शब्द. बाबूलालने मान डोलावली. हेमराजने लेकीला उचलून घेतलं आणि पाहुण्यांकडे गेला.

ती रात्र मंडईची होती, गावात कोणी झोपलंच नाही. तुळसाबाईही झोपली नाही, एवढंच.

पहाटे आम्रपाली चूल पेटवत होती. सासू येऊन तिच्यापुढे बसली. “तुहा हात दे,” म्हणाली.

“काहून?”

“दे तं.”

तिने सुनेचं मनगट धरलं. बोट इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. धडधाकट बत्तीस वर्षांची बाई, आत्ताच विहिरीवरून दोन हंडे आणलेली, तिची नाडी उड्या मारत असणार. तुळसाबाईला काही म्हणजे काही लागलं नाही. आणि आधी तिला बरंच वाटलं. बघा, आम्रपालीची लागत नाही तशी पोरीचीही लागली नाही. दोष बोटांचा. पोरीची नाडी असणारच. रात्रभराचं ओझं उतरल्यासारखं होऊन ती चक्क हसली.

“आई, काय चाललं तुमचं?” आम्रपाली म्हणाली. “नाडी इथं हाय, तुमचं बोट दुसरीकडंच.”

मग ते सगळं बाहेर आलं. दोरा, खडे, नखांची युक्ती. आम्रपाली ऐकत राहिली. तिला निम्मं आधीच माहीत असावं. घरातल्या बाईपासून किती लपणार? शेवटी तिने एकच विचारलं.

“मंग काल नख पाहिलं ना तुम्ही?”

“नखाले रंग होता.”

आम्रपालीने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. तिने स्कूटी काढली आणि सासूला मागे बसवलं.

हेमराजच्या अंगणात पाहुणे दात घासत होते. दीपिका हसतच बाहेर आली. “रातभर चूप झोपली, बाई. अदी मदी रडली, मंग एकदम शांत. तुमचा हातच तसा.” आजवर या वाक्यावर तुळसाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आज तिला ते ऐकवेना.

मंजुषा खाटेवर पडली होती, डोळे उघडे. पट्टीतून बाहेर आलेला हात उशीवर ठेवला होता. पांढरा, मेणासारखा, आणि त्यावर ती पाच लाल नखं. आम्रपालीने तळव्याला आपला गाल लावला आणि लगेच काढला. मग तिने मधलं बोट धरून जरासं सरळ केलं, अगदी जरासं. पोरीने अशी किंकाळी फोडली की अंगणातले जावई चूळ भरायचे थांबले.

“आई, सोडा,” आम्रपाली म्हणाली. “आत्ता सोडा. आन गाडी सांगा कोनी.”

ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, असा रिवाज. तुळसाबाईने गाठ शोधली. गाठ बोटांना सापडेना. तिने दाताने ती ओढली. पट्ट्यांचे फेरे सुटत गेले, आणि खालच्या कातडीवर प्रत्येक फेऱ्याची खोल चरी उमटलेली होती. हेमराज ते पाहत होता. “नाडी तं होती,” एवढंच तो स्वतःशी पुटपुटला, दोनदा.

बालाघाटच्या त्या दवाखान्याचं नाव सांगून उपयोग नाही. तिथे साऱ्याच दवाखान्यांत तोच हिरवा रंग आणि त्याच खुर्च्या. डॉक्टर तरुण होता, जबलपूरकडचा, हिंदी बोलणारा. त्याने एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली. कोपराच्या जरा वर हाड मोडून त्याचं टोक पुढे, नेमकं त्या खळगीत घुसलं होतं. त्याने पोरीचं मनगट धरलं, कोपराच्या पुढे बोट ठेवलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

“पट्टी किसने बाँधी?”

“मी,” तुळसाबाई म्हणाली.

तिला शिव्या अपेक्षित होत्या. तो ओरडला नाही. त्याला वेळ नव्हता.

“अम्मा, मेरी बात ध्यान से सुनो. कल बाँधते वक़्त नब्ज़ थी या नहीं थी? रात में बंद हुई है, तो हड्डी बैठाके थोड़ा देख सकते हैं. कल तीन बजे से ही बंद है, तो अंदर का मांस मर रहा है. फिर मुझे अभी के अभी पूरा हाथ चीरके खोलना पड़ेगा. नौ साल की बच्ची है. बिना वजह नहीं चीरूँगा.”

तिच्याआधी हेमराज बोलला. घाईघाईने, जणू तिची बाजू घेत. “होती, साहेब. थी. बाईनं पूरा सौ गिना. मी समोर उभा होतो. आमच्या गावात हिच्यासारखं कोनी नाई, साहेब. इनका हाथ ग़लत नहीं होता.”

डॉक्टर तिच्याकडे पाहत होता. हेमराजही. दीपिकाही, स्ट्रेचरवरच्या लेकीचा डावा हात धरून. तुळसाबाईला सारं स्वच्छ दिसत होतं. हौ म्हटलं की सुटलो. नशीब म्हणतील, रात्री काही झालं म्हणतील. हातचं काहीच जात नव्हतं. हात गेला असता तो फक्त पोरीचा.

“नव्हती,” ती म्हणाली.

“नहीं थी? या मिली नहीं?”

“ते मले मालूम नाई.” तिने आपली बोटं पुढे धरली. “मले नाई सापडली. माह्या बोटाले काही समजतच नाई, साहेब. दोन वर्सं झाले. मी मोजल्यासारखं केलं. आन हाय म्हनलं.”

आम्रपालीने ते हिंदीत सांगायला तोंड उघडलं. डॉक्टरला सांगायची गरज पडली नाही. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, ओठ हलवत तास मोजले, आणि नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगून पळतच आत गेला.

मागे राहिला हेमराज. तो तिच्याकडे बघत होता. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर, निदान तेव्हा तरी नव्हता. कशाचा तरी हिशेब लागत नसल्यासारखा चेहरा.

“दोन वर्सं?” तो म्हणाला. “मांगच्या चैतात माह्या मायचं मनगट बांधलं तुमी.”

“हौ.”

“वसंताच्या पोराचा पाय.”

“हौ.”

“तवाबी?”

“तवाबी, बाप्पा.”

तो वळला आणि दीपिकाच्या पलीकडे, सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर जाऊन बसला. तुळसाबाई जमिनीवर टेकली. हेमराजने दोनच सांगितले होते. तिला बाकीचे आठवायला लागले. वसंताच्या पोराचा पाय बरा झाला, चालतो. हेमराजच्या आईचं मनगट जरा वाकडं राहिलं. म्हातारी म्हणते वयामुळे. हट्ट्याची ती शिंपीण, तिची बोटं पुढे कधी नीट मिटली का? तिने विचारलंच नव्हतं. कोणी परत आलं नाही म्हणजे बरं झालं, असं ती धरून चालली होती. आता तिला वाटलं, परत न येण्याची दुसरीही कारणं असतात. त्या बसलेल्या तासांत तिने दोन वर्षांतला एकेक हात आठवला आणि प्रत्येक हाताची तिला भीती वाटली.

हात राहिला. डॉक्टरने हाड जागेवर आणून तारा घातल्या, दबलेली नाडी मोकळी केली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चिरून दहा दिवस तशीच उघडी ठेवली. पुढे नागपूरला नेऊन मांडीची कातडी लावली. नागपूरला पाठवताना डॉक्टर आम्रपालीला म्हणाला म्हणे की अजून दोन तास ‘देखते हैं’ करत बसलो असतो, तर हात कापावा लागला असता. आम्रपालीने ते घरी येऊन सांगितलं, सासूला बरं वाटावं म्हणून. तुळसाबाईला बरं वाटलं नाही. हात राहिला होता, पण बोटं मुडपली होती, आणि अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं यांना स्पर्श कळत नव्हता. झिणझिणी गेली होती.

गावात तिने स्वतःच सांगितलं. बाबूलाल खांदा दाखवायला आला तेव्हा ओट्यावर उभं राहून, चारजणांना ऐकू जाईल असं, की बोटं गेली, आता बालाघाटला जात जा. हात दाखवून अवलक्षण, असं तिच्याच पुऱ्यातल्या बाया म्हणाल्या. पंधरा दिवसांत ओटा ओस पडला. रस्त्यात भेटणारे पुन्हा ‘तुळसा’ म्हणू लागले.

आणि मंजुषा नागपूरहून परतल्याच्या तिसऱ्या दिवशी ती हेमराजच्या दारात जाऊन उभी राहिली. नागपूरच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम सांगितले होते. दिवसातून तीनदा एकेक बोट सरळ करायचं, मग डोळे मिटायला लावून बोटांना शिवायचं आणि कोणतं ते विचारायचं. दीपिका सकाळी शेतावर असायची. “एक बखत मी करन,” तुळसाबाई म्हणाली. “बाकी काही हात नाई लावत.” दीपिकाने तिच्या बोटांकडे पाहिलं. मग तिने आत वळून चटई आणली आणि ओसरीवर टाकली. तेव्हापासून दहाच्या सुमाराला ती आली की हेमराज मागच्या दाराने निघून जायचा. हा क्रम दोन महिने चालला होता.

त्या दिवशीही ती चटईवर बसली. मंजुषाचा हात मांडीवर घेतला. कातडी लावलेला भाग चकचकीत दिसत होता. पोरीने आता डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली होती. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण आपलं नाव तिने चटईशेजारी खडूने मोठं लिहून ठेवलं होतं.

“दुखलं का सांगजो,” तुळसाबाई म्हणाली. “माह्यावर नको राहू. माह्या हाताले समजत नाई.”

“मालूम हाय,” मंजुषा म्हणाली.

एकेक बोट सरळ झालं, पोरीचा चेहरा बघत बघत. मग डोळे मिटायचा खेळ. करंगळी. “करंगळी.” बरोबर. तिच्या शेजारचं. तेही बरोबर, ती दोन पहिल्यापासून शाबूत होती. तुळसाबाईने मधलं बोट दाबलं, रोजच्यासारखं, काही अपेक्षा न करता.

“मधलं!”

तुळसाबाई सरसावून बसली. तिने त्याच्या पुढचं दाबलं.

“अंगठ्याच्या बाजूचं!”

दोन महिन्यांत पहिल्यांदा. तिला इतका आनंद झाला की उठून दीपिकाला शेतावर सांगायला पळावं असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यातून तिला दिसलं की पोरीच्या पापण्या थरथरताहेत. खाली बारीकशी फट होती.

तिने आपलं बोट अंगठ्याच्या वर नेलं आणि तिथेच थांबवलं. टेकवलं नाही.

“अंगठा,” मंजुषा म्हणाली.

मंजुषाने डोळे उघडले, वर अधांतरी धरलेलं बोट पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

“आईले काल सांगतलं, समजते म्हनून,” ती खाली बघत म्हणाली. “लय खुश झाली. बाबा पण. उसने जलेबी लाई.”

आत मागच्या दाराशी चपलांचा आवाज झाला आणि थांबला. हेमराज अजून गेला नव्हता.

तुळसाबाईला ते कळलं. तिने आपला डावा हात उचलला आणि पोरीच्या दोन्ही डोळ्यांवर हलकेच ठेवला.

“नाई समजलं तं नाई म्हनाव, माय,” ती म्हणाली. “खुश नको करू कोनाले. हे कोनतं?”

तिने अंगठा दाबला, या वेळी खरोखर. तळव्याखाली मंजुषाच्या पापण्या हलत होत्या.

“नाई समजलं,” ती म्हणाली.

“हे?”

“नाई.”

“हे?”

“ते बी नाई, आजी.”

“बरं,” तुळसाबाई म्हणाली, आणि पहिल्यापासून पुन्हा करंगळी धरली.